जपान-कोरियाचा शॉर्ट इंटेन्सिव्ह इंजिनिअरिंग कोर्स: अर्जापासून क्रेडिट मिळेपर्यंत कुठलं काम कधी करायचं

दरवर्षी जून आला की तेच मेसेज सुरू होतात. कोर्स ऑगस्टमध्ये आहे, सिलेक्शन झालंय, तिकीटही काढलंय आणि आता कळतंय की व्हिसा लागतो. किंवा त्याहून वाईट, कोर्स करून आले, सर्टिफिकेट हातात आहे, पण ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट नाही कारण आपल्याच युनिव्हर्सिटीत रजिस्ट्रेशन केलेलं नव्हतं. दोन्ही चुका अभ्यासातल्या नाहीत, कामांचा क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

हा लेख कोणासाठी, तर जे आत्ता जपानमध्ये किंवा कोरियात बॅचलर्स, मास्टर्स किंवा पीएचडी करतायत आणि समोरच्या देशातल्या पार्टनर युनिव्हर्सिटीत एक ते तीन आठवड्यांचा इंजिनिअरिंगचा कोर्स करायला जाणार आहेत. यातले बरेच कोर्स कॅम्पस एशिया या जपान-चीन-कोरियाच्या स्कीममधून चालतात, उदाहरणार्थ क्यूशू, पुसान नॅशनल आणि शांघाय जिआओ तोंग या युनिव्हर्सिटींचा ऊर्जा-पर्यावरणाचा प्रोग्रॅम, किंवा कैस्ट, चिंग्हुआ आणि पूर्वीचं टोकियो टेक यांचा प्रोग्रॅम. बाकी दोन लॅबनी किंवा दोन डिपार्टमेंटनी आपापसात ठरवलेले छोटे कोर्सही असतात, त्यांनाही खालचं जवळपास सगळं लागू पडतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. तुमचे जपानी आणि कोरियन क्लासमेट एकमेकांच्या देशात व्हिसाशिवाय जातात. त्यामुळे ओरिएंटेशनमध्ये व्हिसाबद्दल कोणी काही बोलेलच असं नाही, आणि ऑफिसने पाठवलेली चेकलिस्ट बहुतेक वेळा त्यांच्या दृष्टीने बनवलेली असते. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःची वेगळी चेकलिस्ट करायची.

1. आधी बघा: तुम्ही पात्र आहात का आणि क्रेडिट नक्की कोण देणार

पुण्या-मुंबईच्या कॉलेजमधून थेट अर्ज करता येतो का असं खूप जण विचारतात. या शेअर्ड कोर्सना नाही. इथे सहभागी युनिव्हर्सिटीचा रजिस्टर्ड स्टुडंट असावं लागतं. बाहेरच्यांसाठी युनिव्हर्सिटीचे ओपन समर स्कूल असतात, त्यांची फी वेगळी, प्रोसेस वेगळी.

पात्र असाल तर कोऑर्डिनेटरला ईमेलवर हे तीन प्रश्न विचारा, तोंडी नको. क्रेडिट होस्ट युनिव्हर्सिटी देणार की आपली? किती क्रेडिट आणि किती तास? ट्रान्सक्रिप्ट मिळणार की फक्त सर्टिफिकेट?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. नुसत्या सर्टिफिकेटवर क्रेडिट ट्रान्सफर होईल असं धरून चालू नका.

तासांचं गणित पण समजून घ्या, कारण पुढे फॉर्म भरताना इथेच गोंधळ होतो. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी 90 मिनिटांचा एक कोमा, म्हणजे एक लेक्चर, 2 तास धरतात, म्हणजे 8 कोमांचा 1 क्रेडिटचा कोर्स घड्याळाप्रमाणे 12 तासांचा. कोरियात 50 मिनिटांचा 1 तास आणि 15 तासांना 1 क्रेडिट, म्हणजे घड्याळाप्रमाणे साडेबारा तास. दोन्ही जवळपास सारखंच आहे, पण फॉर्मवर एकाने 16 लिहिलं आणि दुसऱ्याने 12 लिहिलं की ऑफिस फाइल परत पाठवतं. त्यामुळे किती सेशन आणि प्रत्येक किती मिनिटांचं, असंच लिहा.

2. कॅलेंडर कोर्सच्या तारखेपासून मागे मांडत या

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, कोरियाचं मार्चला. कोरियात उन्हाळ्याची सुट्टी साधारण जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत, जपानमध्ये ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणून दोघांना जमणारे महिने उरतात ऑगस्ट आणि फेब्रुवारी, आणि बहुतेक इंटेन्सिव्ह कोर्स तिथेच बसवलेले असतात. पण ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये ओबोन हा पूर्वजांचा सण असतो, कोरियात 15 ऑगस्टला सुट्टी असते, त्या आठवड्यात दोन्हीकडची कॅम्पस ऑफिसं बंद किंवा अर्धवट चालू. फेब्रुवारीच्या कोर्सला कोरियन नव्या वर्षाची सुट्टी आडवी येऊ शकते, ती चंद्राच्या कॅलेंडरवर असल्यामुळे तारीख दरवर्षी बदलते.

ऑगस्टच्या कोर्ससाठी मी असं मांडतो:

- मार्च-एप्रिल: गाइडशी बोलणं, अर्ज, आपल्या युनिव्हर्सिटीत रजिस्ट्रेशन
- मे: लर्निंग ॲग्रीमेंटवर, म्हणजे कुठला कोर्स करणार आणि त्याचे किती क्रेडिट धरणार या लेखी करारावर, दोन्हीकडच्या सह्या
- जून: इन्व्हिटेशनचे कागद, मग व्हिसा अर्ज
- जुलै: इन्शुरन्स, लॅब सेफ्टी, तिकीट
- ऑगस्ट: कोर्स
- सप्टेंबर-ऑक्टोबर: ट्रान्सक्रिप्ट, क्रेडिटचा अर्ज

सावधान: तिकीट जुलैमध्ये आहे, मार्चमध्ये नाही. स्वस्त मिळतंय म्हणून आधी काढू नका. काढायचंच असेल तर रिफंडेबल काढा.

3. रजिस्ट्रेशन आणि लर्निंग ॲग्रीमेंट

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून थोडं सविस्तर.

जपानमध्ये इंटेन्सिव्ह कोर्सला शूचू कोगी म्हणतात. कोर्स ऑगस्टमध्ये असला तरी त्याचं रिशू तोरोकू, म्हणजे कोर्स रजिस्ट्रेशन, बऱ्याच ठिकाणी एप्रिलच्या नेहमीच्या विंडोमध्येच करायचं असतं. ती विंडो जेमतेम दोन-तीन आठवडे उघडी असते. मुलं काय समजतात की कोर्स अजून चार महिन्यांनी आहे, सिलेक्शन झाल्यावर बघू, आणि मग जूनमध्ये पोर्टल उघडलं की काहीच करता येत नाही. काही डिपार्टमेंट शूचू कोगीला वेगळी तारीख देतात, पण ती नोटीस बहुधा फक्त जपानीत असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या काउंटरवर जाऊन कोर्स कोड दाखवून विचारा.

कोरियात असा कोर्स बऱ्याचदा ग्येजॉल हाक्कीमध्ये, म्हणजे सुट्टीतल्या सीझनल सेमिस्टरमध्ये टाकतात. तिथे एका सीझनला किती क्रेडिट घेता येतात यावर मर्यादा असते. आधीच एखादा विषय घेतला असेल तर हा बसतो का ते बघा.

मग क्रम असा ठेवा:

1. होस्टकडून सिलॅबस मागवा. विषय, सेशन, मूल्यमापनाची पद्धत, शिकवणाऱ्याचं नाव हे सगळं त्यात हवं.
2. तो घेऊन आधी आपल्या गाइडकडे जा, ऑफिसकडे नंतर. गाइडचा होकार नसताना ऑफिसमधली फाइल पुढे सरकत नाही.
3. आपल्या डिग्रीत हे क्रेडिट कुठल्या गटात मोजणार, ते लिहून घ्या. मेजरमध्ये की फ्री इलेक्टिव्हमध्ये, यावरच कोर्स उपयोगाचा आहे का ते ठरतं.
4. लर्निंग ॲग्रीमेंट भरा, आपल्या बाजूची सही घ्या, मग होस्टकडे पाठवा.
5. दोन्ही सह्यांची पीडीएफ स्वतःकडे ठेवा. ऑफिसात माणसं बदलतात आणि फाइल सापडत नाही.

फॉर्मबद्दल दोन गोष्टी. कोरियातून फॉर्म बऱ्याचदा एचडब्ल्यूपी फॉरमॅटमध्ये येतो, तो वर्डमध्ये नीट उघडत नाही, सरळ वर्ड किंवा पीडीएफ मागून घ्या. जपानकडचा फॉर्म एक्सेलमध्ये बारीक चौकोन पाडून केलेला असतो, त्यातले सेल मर्ज करू नका किंवा हलवू नका. तारीख रेइवामध्ये, म्हणजे जपानी वर्षगणनेत, विचारली असेल तर 2026 म्हणजे रेइवा 8.

टोकियो टेकचं 1 ऑक्टोबर 2024 पासून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स टोकियो झालंय. सीनियरने दिलेला जुना फॉर्म कॉपी केला की जुनं नाव तसंच राहतं.

चेक: पुढे जायच्या आधी तीन गोष्टी हातात हव्यात. पोर्टलवर कोर्स दिसतोय त्याचा स्क्रीनशॉट, दोन्ही सह्यांचं ॲग्रीमेंट, आणि क्रेडिट कुठल्या गटात जाणार याचा ईमेल.

4. नाव सगळीकडे एकसारखं

आपल्या मराठी नावात स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तिन्ही येतं. पासपोर्टवर पहिली दोन नावं गिव्हन नेममध्ये असतात, पण कोणी अर्ज करताना मधलं नाव गाळतं, कोणी आडनाव आधी लिहितं, आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो. मग होस्टचं ट्रान्सक्रिप्ट एका नावाने आणि आपला रेकॉर्ड दुसऱ्या नावाने तयार होतो, आणि हा एकच विद्यार्थी आहे हे सिद्ध करत बसावं लागतं.

उपाय साधा आहे. पासपोर्टच्या पानावरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंग आणि क्रमासकट, अर्जावर, ॲग्रीमेंटवर, इन्शुरन्सवर आणि तिकिटावर. जपानमध्ये काताकाना लिपीतलं नाव विचारलं तर झायर्यू कार्ड, म्हणजे तिथलं रेसिडेन्स कार्ड, काढल्यापासून बँकेत जे वापरताय तेच द्या.

5. व्हिसा आणि परत येण्याची परवानगी

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. पहिली समोरच्या देशात शिरायला, दुसरी आपल्या देशात, म्हणजे जिथे डिग्री चालू आहे तिथे, परत यायला.

*जपानमधून कोरियाला जाणारे.* कोरियाचा व्हिसा जपानमधल्याच कोरियन एम्बसी किंवा कॉन्सुलेटमधून काढायचा, त्यासाठी भारतात जायची गरज नाही. फुकुओकामध्येही कॉन्सुलेट आहे. छोट्या कोर्सला साधारण सी-3 गटातला शॉर्ट टर्म व्हिसा असतो, पण क्रेडिटचा कोर्स आहे म्हटल्यावर कुठला कोड हवा ते होस्ट ऑफिसला विचारून त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. सोबत इन्व्हिटेशन लेटर, आपल्या युनिव्हर्सिटीचं झाइगाकू शोमेइशो म्हणजे एनरोलमेंट सर्टिफिकेट, झायर्यू कार्डची कॉपी आणि बँक बॅलन्स तयार ठेवा. के-ईटीए या ऑनलाइन प्रवास परवानगीच्या मागे लागू नका, ते व्हिसा-फ्री देशांच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला नाही.

परत यायचं काय? झायर्यू कार्ड असेल तर स्पेशल री-एंट्री चालते, वेगळा परवाना काढावा लागत नाही. पण एअरपोर्टवर बाहेर पडताना एम्बार्केशन कार्डवर त्या री-एंट्रीच्या चौकोनात टिक करावी लागते. ती राहिली आणि अधिकाऱ्याच्याही लक्षात आलं नाही, तर तुमचं स्टुडंट स्टेटस तिथेच संपू शकतं. कार्ड देताना तोंडाने पण सांगा की मी परत येणार आहे. एक वर्षाच्या आत आणि स्टेटसची मुदत संपायच्या आत परत यायचं. मुदत ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच संपत असेल तर आधी रिन्यू करा, मग बाहेर पडा.

*कोरियातून जपानला जाणारे.* व्हिसा कोरियातल्या जपानी एम्बसी किंवा कॉन्सुलेटमार्फत, सोल आणि बुसान दोन्हीकडे सोय आहे. इथे होस्ट प्रोफेसरकडून दोन कागद लागतात, शोहेइ रियूशो म्हणजे बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र, आणि ताइझाइ योतेइह्यो म्हणजे रोजचं वेळापत्रक. दोन्ही जपानीत असतात, प्रोफेसरना करायला वेळ लागतो, त्यामुळे किमान तीन आठवडे आधी मागा आणि मागताना पासपोर्टची कॉपी, राहायचा पत्ता आणि फ्लाइटचा अंदाज एकाच मेलमध्ये द्या. तुकड्यातुकड्याने माहिती पाठवली की पत्रात चूक होते आणि पुन्हा पहिल्यापासून. परत येताना रेसिडेन्स कार्ड जवळ असेल आणि स्टेटस चालू असेल तर एक वर्षाच्या आत वेगळा री-एंट्री परवाना लागत नाही. कार्ड रूमवर विसरू नका.

सावधान: काही कोर्स अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे असतात. समजा तुम्ही सिंगल एंट्री शॉर्ट व्हिसावर समोरच्या देशात गेलात आणि मध्ये आठवडाभर परत आलात, तर तो व्हिसा संपला. अशा कोर्सला अर्ज करतानाच डबल किंवा मल्टिपल एंट्री मागायची आणि वेळापत्रक सोबत जोडायचं.

स्कॉलरशिपवाल्यांसाठी: मेक्स्टवर, म्हणजे जपान सरकारच्या स्कॉलरशिपवर, असाल तर दर महिन्याची सही कधी करायची ते बघून तारखा ठरवा, पूर्ण महिना बाहेर राहिलात तर त्या महिन्याचे पैसे येत नाहीत. जीकेएसवर, म्हणजे कोरिया सरकारच्या स्कॉलरशिपवर, असाल तर देश सोडायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या कोऑर्डिनेटरला कळवून परवानगी घ्या.

6. लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधीचे कागद

कोर्स नुसता लेक्चरचा असेल तर यातलं अर्धं सोडून द्या. प्रॅक्टिकल असेल तर सगळं वाचा.

पहिला कागद एक्सपोर्ट कंट्रोलचा. जपानमध्ये याला युशुत्सू कानरी म्हणतात. सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी आलेला विद्यार्थी त्यांच्या कायद्यात साधारणपणे नॉन-रेसिडेंट धरला जातो, आणि त्याला ठराविक तंत्रज्ञान शिकवणं हे निर्यात केल्यासारखंच मानतात. म्हणून फॉर्ममध्ये तुमचा रिसर्च, आधीचं कॉलेज, पैसे कोण देतं असं सगळं विचारतात. आपल्या मुलांना हे वाचून वाटतं की आपल्यावर संशय घेतायत. तसं काही नाही, हा फॉर्म बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना असतो, खरी आणि पूर्ण उत्तरं द्या आणि वेळेत द्या, कारण तो पास झाल्याशिवाय प्रोफेसर लॅब दाखवू शकत नाहीत. उलट बाजूनेही हेच. तुमच्या जपानी लॅबचा डेटा, कोड, सॅम्पल, सेन्सर घेऊन कोरियाला जाणार असाल तर निघायच्या आधी आपल्या लॅबला विचारा. पावडर किंवा केमिकल स्वतःच्या बॅगेत कधीही नेऊ नका.

दुसरा सेफ्टी ट्रेनिंगचा. कोरियात लॅब सेफ्टीचा वेगळा कायदा आहे आणि ट्रेनिंगशिवाय आत घेत नाहीत. ते बऱ्याचदा ऑनलाइन असतं, पण लॉगिनला होस्टचा स्टुडंट आयडी लागतो आणि मोबाइल व्हेरिफिकेशन कोरियन नंबरवर येतं. हे पोचल्यावर रात्री अकराला कळलं की दुसऱ्या दिवशीचं प्रॅक्टिकल गेलं. आधीच विचारा की बाहेरच्यांसाठी दुसरा मार्ग काय आहे.

तिसरा इन्शुरन्स. जपान किंवा कोरियाचा नॅशनल हेल्थ इन्शुरन्स आहे म्हणून समोरच्या देशात चालेल असं समजू नका, ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा घ्या. त्यात लायबिलिटी कव्हर आहे का बघा, म्हणजे तुमच्या हातून लॅबचं महागडं उपकरण मोडलं किंवा कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई. आणि ती कॉलेजच्या कामाला लागू आहे का तेही वाचा, काही पॉलिसी फक्त फिरायला जाणाऱ्यांसाठी असतात.

7. बॅग आणि लॅपटॉप

जपानमध्ये 100 व्होल्ट आणि दोन चपट्या पिना. पूर्वेला, म्हणजे टोकियोकडे 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला, म्हणजे फुकुओकाकडे 60 हर्ट्झ. कोरियात 220 व्होल्ट, 60 हर्ट्झ, दोन गोल पिना. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरला काही होत नाही, फक्त ॲडाप्टर हवा. पण सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर गन, ट्रान्सफॉर्मरवाला पॉवर सप्लाय असल्या वस्तू नेऊ नका. 100 व्होल्टची वस्तू कोरियात 220 वर लावली की जळते.

वाय-फाय किंवा ब्लूटूथचा स्वतः बनवलेला बोर्ड असेल तर जपानमध्ये त्यावरच्या मॉड्यूलला गितेकी हा सर्टिफिकेशनचा मार्क लागतो, कोरियात केसी मार्क. लॅबचाच बोर्ड वापरणं सगळ्यात सोपं.

बॅटरी केबिन बॅगमध्येच, चेक-इनमध्ये कधीच नाही. 11.1 व्होल्ट, 5000 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी म्हणजे 55.5 वॅट-अवर, 100 वॅट-अवरच्या मर्यादेच्या आत आहे. टर्मिनलला टेप लावा, आणि पॉवर बँक वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवा, 2025 पासून दोन्ही देशांनी हे कडक केलंय.

लॅपटॉपवर एड्युरोम, म्हणजे युनिव्हर्सिटींचं सामायिक वाय-फाय, निघायच्या आधीच आपल्या कॅम्पसवर चालू करून बघा, दोन्ही देशांच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत ते चालतं, पण सेटिंग परदेशात बसून करायला गेलं की अडतं. मॅटलॅब किंवा सिम्युलेशनचं लायसन्स कॅम्पसबाहेर चालतं का ते व्हीपीएन लावून तपासा, व्हर्जन होस्टला विचारा.

औषधं: कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं नेऊ नका. नेहमीची गोळी असेल तर प्रिस्क्रिप्शनसकट मूळ पाकिटात.

8. प्रवास आणि बरोबर कॅम्पस

फुकुओका-बुसान विमानाने तासाभराचं अंतर. बोटीने जायचं तर हाकाता-बुसान कॅमेलिया फेरी आहे, तिला बरेच तास लागतात. जुन्या पोस्टमध्ये क्वीन बीटल नावाच्या जलद बोटीबद्दल वाचलं असेल, ती सेवा बंद झालीय, त्यावर प्लॅन करू नका.

कॅम्पसचा घोळ फार होतो. क्यूशूचं मुख्य इंजिनिअरिंग इतो कॅम्पसला, पण ऊर्जा-पर्यावरणाचा प्रोग्रॅम चालवणारं ग्रॅज्युएट स्कूल चिकुशी कॅम्पसला, म्हणजे कासुगा शहरात, फुकुओकाच्या अगदी दुसऱ्या बाजूला. बुसानमध्ये मेट्रो लाइन 1 वर पुसान नॅशनल युनिव्हर्सिटी स्टेशन आहे आणि लाइन 2 वर त्याच युनिव्हर्सिटीच्या यांगसान कॅम्पसचं स्टेशन आहे. नाव अर्धवट वाचून उतरलात तर पहिलं लेक्चर चुकलं. बिल्डिंग नंबर मागून घ्या. कोरियात गूगल मॅप चालायच्या रस्त्यासाठी भरवशाचा नाही, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. मेट्रो-बसचं टी-मनी कार्ड भरायला थोडी रोख ठेवा.

शाकाहारी असाल तर अर्जातच लिहा. कोरियन किमचीत बहुधा माशाचा सॉस असतो, जपानी सूपमध्ये दाशी, म्हणजे सुक्या माशाचा स्टॉक. मांस नाही एवढंच सांगितलं तर या दोन्ही गोष्टी ताटात येतात, म्हणून मासे नाही हे वेगळं सांगा.

9. कोर्सचा आठवडा

पाच दिवसांच्या कोर्सला एक दिवस बुडाला म्हणजे 20 टक्के हजेरी गेली. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या सकाळी पोचणारं विमान घेऊ नका, आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. ऑगस्टमध्ये टायफून येतात, तेवढी जागा ठेवा.

टीम बनली की पहिल्या तासात दोन गोष्टी ठरवा. बोलायचं कुठल्या ॲपवर, कारण जपानी मुलं लाइनवर असतात आणि कोरियन काकाओटॉकवर, आणि कोणीच ठरवलं नाही तर दोन ग्रुप होतात आणि तुम्ही दोन्हीकडे अर्धवट. आणि फाइल कुठे ठेवायची. इंग्रजी बोलायला बिचकणारी मुलं असतील तर लिहून चर्चा करा, व्हाइटबोर्डवर आकृती काढा, काम भराभर पुढे सरकतं. आपल्याकडच्या मुलांची सवय अशी की इंग्रजी येतं म्हणून सगळं प्रेझेंटेशन स्वतःच ओढायचं. तसं करू नका, कारण मार्क बऱ्याचदा प्रत्येकाच्या भागावर असतात आणि टीममधल्या इतरांचं नुकसान होतं.

शेवटच्या दिवशी निघायच्या आधी: फायनल रिपोर्टची तारीख, कुणाला पाठवायचा, आणि ट्रान्सक्रिप्ट कधी निघणार. रिपोर्ट बऱ्याचदा परत आल्यावर द्यायचा असतो, आणि तो न दिल्यामुळे नापास झालेले मी पाहिलेत, कोर्स पूर्ण केलेला असून.

10. परत आल्यावर क्रेडिट

कोरियन ट्रान्सक्रिप्ट सॉंगजॉक जुंगम्यॉंगसॉ, जपानी सेइसेकी शोमेइशो, नावं लक्षात ठेवा, ऑफिसात तीच चालतात. सीलबंद मूळ प्रत थेट आपल्या ऑफिसला पाठवायला सांगा आणि एक स्वतःसाठी मागा. इंग्रजी प्रत वेगळी मागावी लागते.

ग्रेड जसाच्या तसा येईल असं नाही. कोरियात कुठे 4.5 ची स्केल तर कुठे 4.3 ची, जपानची वेगळी, म्हणून बरीच ऑफिसं ग्रेड न देता फक्त निन्तेइ, म्हणजे मान्यता, अशी नोंद करतात. म्हणजे क्रेडिट मिळतं पण जीपीए हलत नाही. जीपीए वाढवायला हा कोर्स करताय तर हे तिसऱ्या टप्प्यातच विचारून घ्यायला हवं होतं.

क्रेडिट ट्रान्सफरचा अर्ज आपोआप होत नाही, तो तुम्हीच भरायचा, आणि त्याचीही शेवटची तारीख असते, जपानमध्ये बऱ्याचदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ट्रान्सक्रिप्ट आलं नसेल तर रिकाम्या हाताने का होईना काउंटरवर जा, लर्निंग ॲग्रीमेंट दाखवा आणि कागद उशिरा येतोय याची नोंद करून घ्या. मग नोव्हेंबरमध्ये पोर्टलवर स्वतःच्या रेकॉर्डमध्ये कोर्स दिसतोय का बघा. दिसला नाही तर त्याच दिवशी मेल करा.